वाटीवरची लाल रेघ

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागे भगवंतचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक फळी, फळीवर आकाराप्रमाणे लावलेले पाने. गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी तो एकच विचारी, "हिला हात कोण कोण लावतं?" माझ्या स्कूटरलाही हा प्रश्न चुकला नव्हता.

१९९८ च्या उन्हाळ्यात चांगदेव आपली जुनी डिझेल जीप घेऊन आला. आहुप्याच्या कच्च्या रस्त्यावर तो माणसं वाहायचा. गाडी निळा धूर ओकत होती, चढाला दम तोडत होती. सोबत वडील होते, यमाजीबाबा. त्यांची मेंढरं आता वीसच उरली होती.

"दुसरीकडं दाखवली," चांगदेव म्हणाला. "हवेच्या नळीत त्याल सापडलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हनत्यात, इंजिन खोलावं लागंल. त्या खर्चापायी आबा मेंढरं बेल्ह्याच्या बाजाराला विकायला निघाल्यात."

"परवाच बाजार हाय," यमाजीबाबा म्हणाले.

भगवंतने हवेची नळी काढली. आत बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्यावर चोळलं. मग इंजिनातली वाफ जिथून या नळीत येते, ती बारकी नळी सोडवली. ती जवळजवळ कोरडी निघाली.

"इंजिनाचं त्याल काजळीवानी काळं असतं," तो म्हणाला. "हे मातीच्या रंगाचं हाय, कचकचतंय बी. खालनं न्हाई आलं. हिला हात कोण कोण लावतं?"

"मीच. आन् अवसंला आबा धुत्यात, नारळ फोडत्यात."

त्या जीपमध्ये हवा आधी तेलाच्या एका वाटीवरून जाते. धूळ तेलात बसते, स्वच्छ हवा इंजिनात जाते. भगवंतने ती वाटी खोलली. तेल काठोकाठ होतं. निम्म्याच्या आसपास पत्र्यावर एक खूण उठवलेली होती, ती तेलात बुडालेली.

"बाबा, ही तुमी भरता?"

"भरतो की. लई फुफाटा असतो तिकडं. जेवढं जास्त तेवढी धूळ धरंल."

"आबा!" चांगदेव उखडला. "गाडी तुमीच मारत व्हता व्हय!"

"मारत न्हवतं रं," भगवंत वर न बघता म्हणाला. "जेवू घालत व्हतं. तू कधी झाकण उघडून बघितलंस का, राव?"

चांगदेव वाकून वाटीत बघू लागला. बाबा पटक्याचा शेव बोटांत पिळत उभे होते.

जास्तीचं तेल हवेबरोबर ओढलं जात होतं आणि इंजिनात जळत होतं. भगवंतने वाटी, नळ्या, पुढचा, हवा इंजिनात वाटून देणारा मॅनिफोल्ड डिझेलने धुतला, फडक्याने पुसून उन्हात वाळवला. दुपारी वाटीत खुणेपर्यंतच तेल घातलं आणि गाडी चालू केली. थोडा निळा धूर आला, मग तोही विरला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"आज सांगत न्हाई. माती आत गेली आसंल तर रिंगा झिजल्या बी असत्याल. आठ दिवस चालवा, मग परत नळी उघडू. हा बाजार चुकवा."

बाबांनी बाजार चुकवला. आठ दिवस चांगदेव डिंभ्याच्या पुढचा चढ माणसं भरून चढला. नवव्या दिवशी मी मुद्दाम गॅरेजात जाऊन बसलो. भगवंतने नळीत बोट घातलं आणि बाहेर काढून बाबांसमोर धरलं. बोट कोरडं होतं.

"मेंढरांना खूण कशानं करता, बाबा?"

"लाल रंगानं."

"ह्या वेळी अवसंला थोडा घेऊन या."

अमावास्येला बाबा जीपमधून रंगाची डबी घेऊन आले. भगवंतने वाटी रिकामी करून पुसली, पत्र्यावरच्या खुणेशी आतून लाल रेघ ओढली आणि ती वाळू दिली. मग तेलाचा डबा बाबांच्याच हाती दिला. बाबा उकिडवे बसले, डोळे बारीक करून धार सोडत राहिले, आणि रेघेला तेल टेकताच डबा सरळ केला.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी झाकण लावलं, नारळ फोडला आणि मेंढरांकडे चालत निघाले.