आमच्या घरची पोर कामाला हात लावत नाही

यवतमाळात राहून जर्मन शिकणाऱ्या मुलीला लोक दोनच प्रश्न विचारायचे. एक, काहून, म्हणजे कशाला? आणि दोन, मग पुढं काय? पहिल्याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. आमच्या गल्लीत एक बाई राहायला आल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांचं अर्धं आयुष्य जर्मनीत गेलं होतं. त्यांना बोलायला माणूस नव्हतं आणि मला अकरावीच्या फिजिक्सपासून लपायला जागा पाहिजे होती. पण भाषा डोक्यात शिरली ती शिरलीच. बारावीला येईतो मी बाईंशी जर्मनमध्ये भांडू लागले, तेव्हा बाईंनी निकाल दिला, "आता माझ्याशी बोलून काही होणार नाही तुझं. उन्हाळ्यात तिकडं जा. एखाद्या दुकानात, बेकरीत काम कर. काम करताना लोक जसे बोलतात, तसं पुस्तकात कोणी बोलत नाही."

मी घरी सांगितलं. आई शाळेत शिक्षिका, तिनं फक्त "एकटी?" एवढंच विचारलं आणि वह्या तपासायला लागली. बाबांनी मात्र मनावर घेतलं. बाबा सरकारी कचेरीत बाबू होते आणि ओळखीशिवाय जगात पान हलत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी कचेरीभर विचारलं, जर्मनीत कोणाचं कोणी आहे का. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सल्ल्यांची रीघ लागली. एकाचा साळा मस्कतला होता. "जर्मनी नाही त मस्कत चालते का?" असं त्यांनी दारातच विचारलं, जणू दुकानात शेवया नाहीत तर कुरडया न्या. एक जण म्हणाले, पुसदला त्यांच्या ओळखीचा एक ट्रॅव्हल्सवाला आहे, तो कुठंही पाठवतो. कुठंही म्हणजे कुठं, तर हैदराबादपर्यंत.

कळस झाला तो लोहाऱ्याला. तिथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जर्मन मशीन आहे असं बाबांना कळलं. रविवारी मला स्कूटरवर बसवून ते थेट तिथं घेऊन गेले. मालकानं चहा पाजला आणि कौतुकानं मशीन दाखवलं. बाबा म्हणाले, "पाटीवर पत्ता असन पाय, लिहून घे, त्या कंपनीले पत्र टाकू." मी पाटी पुसून वाचली. पत्ताबित्ता काही नव्हता, यंत्र चालू असताना आत हात घालू नये एवढंच लिहिलं होतं. मालकाला हे ऐकून फार आनंद झाला, कारण इतकी वर्षं ती पाटी शोभेची आहे असं तो समजत होता.

पत्रंही लिहिली. बेकऱ्यांना, हॉटेलांना, एका फुलांच्या दुकानाला. उत्तरं आली तीही अशी गोड, की नकार आहे हे कळायला दोनदा वाचावं लागे. थंडी सुरू झाली तसा मी नाद सोडत आणला. आणि मग मोठेबाबांचा फोन आला.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ढाणकीजवळ आमचं गाव, तिथली शेती तेच पाहायचे. कापसानं दगा दिला ती वर्षं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार येत. कोणी लिहायला, कोणी फोटो काढायला. एका कॅमेरेवाल्यानं मोठेबाबांना सांगितलं, जरा चिंतेत बसा. मोठेबाबा म्हणाले, "चिंता मी माह्या टाइमानं करतो, तुमच्या टाइमानं नाही," आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. असा माणूस. पण या वेळी आलेली बाई वेगळी होती. जर्मनीतल्या एका लहान गावात तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. फवारणी न करता पिकवलेला कापूस पाहायला ती आली होती आणि मोठेबाबांनी दोन-तीन वर्षांपासून तसाच कापूस लावला होता. तिचा दुभाष्या नागपुरात तापानं पडला होता. मोठेबाबा फोनवर म्हणाले, "तुह्या भाषेची बाई येऊन राह्यली. इथं कोनालेच तिचं समजून नाही राह्यलं. तू ये लवकर." आईला शाळा होती. बाबा आणि मी पहाटेच्या एसटीनं निघालो.

सकाळ वावरात गेली आणि ती माझ्या आयुष्यातली फार चांगली सकाळ होती. बाई प्रश्न विचारत होती, मोठेबाबा उत्तरं देत होते आणि मधल्यामधे मी. किडीला काय करता, बियाणं कोणतं, वेचणी कधीपर्यंत. मला सगळं येत होतं. जे येत नव्हतं ते हातानं दाखवत होते. घराकडे परतताना मी धीर करून तिला सांगितलं, की मला उन्हाळ्यात तिकडं काम करायचं आहे. तिचा उन्हाळा म्हणजे जुलै, हे मला एव्हाना माहीत होतं. ती थांबली. म्हणाली, जुलैत माझ्या दुकानातली मदतनीस सुट्टीवर जाते. कपड्यांच्या घड्या करायच्या, खोकी बांधायची, फरशी पुसायची. "पण मला हात चालवणारी मुलगी लागते. मागच्या वर्षी एक आली होती, ती दिवसभर आरशासमोर होती. पाहू या." लोहाऱ्याच्या मशीनपासून इथवर आले होते मी, आता हे हातचं जायला नको होतं.

घरी जेवण तयार होतं. भाकरी, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, ठेचा. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, चुलीपाशी होती आणि वाढायला शेजारची सून बोलावली होती. मला नवल वाटलं. एरवी त्या घरात मी पाय ठेवला की मोठी आई माझ्या हातात काहीतरी द्यायचीच. झाडू, नाहीतर सोलायला शेंगा. मी पाणी आणायला उठले तर मोठ्या आईनं मनगट धरून खाली बसवलं. ताट सरकवायला गेले, पुन्हा बसवलं. "पाव्हन्यासमोर बसून राय," ती कानात म्हणाली, "तुह्या मोठ्याबाबाचा हुकूम आहे."

बाई हे सगळं पाहत होती. भाकरीचा तुकडा मोडत ती मला म्हणाली, "तुझ्या घरच्यांना विचार, ही घरी काय काय कामं करते." मी विचारलं. मोठेबाबांनी घास खाली ठेवला, ताठ बसले आणि हात आडवा फिरवत म्हणाले, "काडी इकडची तिकडं करत नाही म्हन तिले. आमच्या घरची पोर हाय. कामाले हात नाही लावू देत आमी." बाबांनाही जोर चढला. ते म्हणाले, "पान्याचा गिलासबी हातात देतो आमी तिच्या." मी बाबांकडे पाहतच राहिले. आदल्याच दिवशी नळाचं पाणी भरायचं राहिलं म्हणून या माणसानं गल्ली ऐकेल असं मला झाडलं होतं.

मग मी माझं भाषांतर केलं. म्हटलं, ते सांगताहेत की ही सकाळी नळाचं पाणी भरते, अंगण झाडते, भांडी घासते, कणीक मळते. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते कोणी म्हणालं नव्हतं. बाई माझ्याकडे पाहत राहिली. "तुझे काका एवढंसंच बोलले," ती म्हणाली, "आणि हात असा फिरवला." तिनं हात फिरवून दाखवला, अगदी मोठेबाबांसारखा. मग शांतपणे म्हणाली, "मी बघते आहे, तू उठलीस की तुला बसवतात. तुझ्या माणसांना तू काम केलेलं आवडत नाही. त्यांच्या मनाविरुद्ध मी तुला नेणार नाही." एवढं बोलून ती पुन्हा जेवायला लागली.

"काय म्हनते?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हनते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुमच्या मोठेपनापायी नाही म्हनते. तिले काम करनारी पोरगी पायजे आणि तुमी मले महारानी करून बसवलं."

मोठेबाबांचा चेहरा बदलला. "म्हनजे लोकाच्या दुकानात फडकं मारायले जाशीन तू? भाषा शिकायले जाते, असं म्हने तुहा बाप. येवढी पाळी नाही आली आपल्यावर."

हे नुसतं तोऱ्याचं बोलणं नव्हतं, हे मलाही कळत होतं. त्या वर्षांत गावात कोणाच्या घरची बाई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेली ही बातमी असायची. ते घर बसलं, असं लोक समजायचे. पाहुण्यांसमोर लेकीबाळींना काम न सांगणं म्हणजे आमचं अजून बरं चाललं आहे, हे दाखवणं. सारी आळी तेच दाखवत होती. पण मला माझा जुलै दिसत होता आणि राग आवरत नव्हता.

तेवढ्यात मोठी आई चुलीपासून उठून दारात आली. हाताला पीठ होतं. फार मोठ्यानं नाही बोलली ती. "पाळी आली नं. दिवाळीपासून मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायले जाऊन राह्यली. तुमाले मालूम हाय, गावाले मालूम हाय. मंग पोरीलेच कायले अडवता?"

बाबांना मालूम नव्हतं. त्यांनी थोरल्या भावाकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. शेजारची सून भाजीचं भांडं घेऊन आत गेली.

"काय म्हणाल्या त्या?" बाईनं विचारलं.

बाबांनी मला नजरेनंच खुणावलं, नको. मी मोठ्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग तिले. चोरी नाही केली मी." मी सांगितलं. जर्मन शब्द शोधावे लागले नाहीत, ते आपोआप आले, आणि सांगताना मला मोठ्या आईचा इतका अभिमान वाटला, की मघाचा राग कुठं गेला कळलं नाही.

बाईनं हातातला तुकडा ताटात ठेवला आणि सरळ मोठ्या आईकडे पाहून विचारलं, "मग तुम्ही सांगा. ही कशी काम करते?"

मोठ्या आईनं पदराला हात पुसले. प्रश्न विचारला आहे तर उत्तर नीट द्यायचं, असा तिचा स्वभाव. "भांडे बरे घासते," ती म्हणाली. "झाडते, पन कोपरे ठेवते. अन् सकाळी लवकर उठवलं त तोंड फुगवते." मी हे सगळं सांगितलं. कोपरे सांगितले, तोंडही सांगितलं. मोठ्या आईनं स्वतःचं सांगू दिलं होतं, मग माझं लपवायला मला तोंड नव्हतं. बाई पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, दुकान काही पहाटे उघडत नाही, कोपरे मी शिकवीन, जुलैत ये.

मी ते घरात सांगितलं. बाबा खूश झाले, पण खुशी दाखवावी की नाही ते त्यांना समजेना, कारण मोठेबाबांचा होकार अजून आला नव्हता. ताटातलं मीठ ते बोटानं इकडून तिकडे करत होते. मग मान वर न करता म्हणाले, "तिले म्हन, काम सांगा. लागन तेवढं सांगा. पन पोरीवर वसकू नका. आमच्या घरी वसकायची रीत नाही."

हे धडधडीत खोटं होतं. त्या घरात सकाळपासून वसकणं, खेकसणं चालू व्हायचं, बैलांवर, गड्यांवर, माझ्यावर, आणि वसकणारे एकटे मोठेबाबाच होते. पण त्या दिवसभरात मी केलेलं सर्वांत इमानदार भाषांतर तेच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. सांगताना मी बाईकडेच पाहत राहिले. मोठेबाबांकडे पाहिलं असतं तर ते वाक्य माझ्याच्यानं पुरं झालं नसतं.