सुलभा अजून थांब्यावरच आहे

लाइट गेल्यावर ज्याचा चेहरा उजळतो, असा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल पाहिला, तर तो लासुर्ण्यात आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत वीजकपातीवर त्याच्याइतकं निरपेक्ष प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं नाही. ते माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा पिठाची गिरणी चालवतात आणि कादंबरी लिहितात. आत्याचं म्हणणं असं, की ते दोन्ही कामं एकाच वेळी करतात, म्हणून पीठ जाड येतं.

मी बारामतीत वाढले, तीही पत्रकांच्या गठ्ठ्यांत. वडील चळवळीतले. घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली, आणि उरलेल्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. लिखाण म्हणजे वर मथळा, मध्ये अन्याय आणि खाली मागणी, अशी माझी समजूत झाली. ती आजही फारशी बदललेली नाही. मामाही कादंबरी आमच्या पत्रकांच्या मागेच लिहितात. मागणी मान्य झाली की उरलेला गठ्ठा मी त्यांना पोचवते. मान्य न झालेल्या मागण्यांचा गठ्ठा ते घेत नाहीत. "ती बाजू अजून कामाची हाय," म्हणतात.

त्यांची लिहिण्याची पद्धत अशी. लाइट गेली की गिरणीचा पट्टा फडफडत थांबतो. मामा डोक्याचा टॉवेल सोडतात, भुवयांवरचं पीठ झटकतात आणि फळीवरून कागद काढतात. दळणाला आलेली माणसं कुठं जाऊ शकत नाहीत, कारण गेलं की नंबर जातो. ती आपापल्या डब्यांवर बसतात आणि मामा वाचायला लागतात. प्रकरण संपतं, आणि पुढचं लिहिलेलंच नसतं. एकदा मी त्यांना प्रेरणेबद्दल विचारलं. परिसंवादात विचारतात तसंच, वही उघडून. मामांनी बराच विचार केला. "प्रेरणेचं मला ठाव न्हाय. डब्यावरचं माणूस 'मग?' म्हणालं की पुढचं सुचतंय. न्हाय म्हणालं तर ती पानं तुझी आत्या चुलीला लावती."

वाचनातही त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. नवं पुस्तक हातात आलं की आधी पान अंगठा आणि बोटात धरून चोळतात, डब्यात पडणारं पीठ चोळून बघतात तसंच. मी पुण्याहून एक नावाजलेली कादंबरी आणून दिली होती. महिन्यानं परत आली, पानापानांत पीठ. "लेखक हुशार हाय," मामा म्हणाले, "पण आपण हुशार हाय हे त्याला कुणी सांगायला नको हुतं." माझी पहिली कथा मात्र त्यांनी दोनदा वाचली. तिच्यात सावकारशाही, जातव्यवस्था आणि साखरसम्राट या तिघांचाही समाचार घेतला होता. मामांनी कागद नीट घडी करून परत दिले. "समदं खरं हाय, पोरी. पण ह्यातली माणसं समदी उभीच हायेत. एकाला तरी बसव." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग कथेत एक बाक घातला.

त्यांच्या कादंबरीची नायिका सुलभा. वडील नाहीत, आईबरोबर शेतात राबते, स्वभावानं करारी. गिरणीत तिची चौकशी सुरू झाली ती शेजारच्या आळीतल्या तात्यांमुळे. एका दुपारी लाइट गेली आणि वाचन सुरू व्हायच्या आतच तात्या म्हणाले, "लेखकराव, त्या सुलभेचं कुठं जमलंय का?"

"अजून न्हाय."

"मग आमचा भाचा हाय कोऱ्हाळ्याला. फॅक्टरीत परमनंट. सुपारीचं खांड खात न्हाय. ह्यो फोटो."

अशी मुलगीच नाही, हे सांगायची ती वेळ होती. मामांनी फोटो उजेडात धरला, नीट पाहिला आणि म्हणाले, "तिला इचारून सांगतो."

पुढच्या प्रकरणात सुलभेनं स्थळ नाकारलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. गिरणीतले सगळे तात्यांकडे बघायला लागले.

"फोटो तरी नीट बघितला का तिनं?" तात्यांनी विचारलं.

"बघितला. माणूस बरा दिसतोय म्हणाली."

"मग शिकू द्या. आमी थांबतो."

त्यानंतर आमचं वीज आंदोलन झालं. गावाला भरवशाची वीज मिळालीच पाहिजे, असं पत्रक मी लिहिलं. मामांना त्याचा अर्थ कळत होता, तरी पहिली सही त्यांनीच केली. "अंधारात ऊस भिजवायला माणसानं का जावं? लिही तू," म्हणाले. पत्रकामुळं म्हणा, आणखी कशामुळं म्हणा, वीज आली आणि टिकली. मागणी योग्यच होती, आणि मी तिच्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. उरलेला गठ्ठा रीतीप्रमाणे मामांना दिला.

तो मागून अजून कोराच आहे. आता माणसं डबा ठेवतात, गाडीला किक मारतात आणि संध्याकाळी पीठ घेऊन जातात. डब्यावर कोणी बसत नाही. नर्सिंगला निघालेली सुलभा पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी आहे, गाडी यायची आहे, आणि तिथंच लिखाण थांबलं आहे. मला माणसं बसवायला सांगणाऱ्या माणसाची स्वतःची नायिका गेली दोन वर्षं उभी आहे. तात्यांच्या भाच्याचं लग्न होऊन त्याला मुलगाही झाला. तरी तात्या डबा ठेवताना काहीतरी विचारतात. पट्ट्याच्या आवाजात ते मामांना ऐकू येत नाही.

मामांनी स्वतः गिरणी बंद करावी, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "मी बंद केली तर लोकांच्या कामाची खोटी हुती. अडवून गोष्ट सांगू न्हाय." हे तत्त्व आहे आणि तत्त्वापुढं माझं काही चालत नाही. परवा गेले तेव्हा फळीवरचे कागद पिठानं इतके पांढरे झाले होते, की वरचं अक्षर दिसत नव्हतं. मामांनी फुंकर मारली, चष्मा लावला, एकदा दाराकडं पाहिलं आणि कागद परत ठेवले.

म्हणून पत्रकाच्या शेवटी असते तशी ही एक मागणी, यावेळी तुमच्याकडे. लासुर्ण्याच्या बाजूला आलात तर सोबत डबाभर ज्वारी आणा. गिरणीत शिरल्यावर डाव्या हाताला, कॅलेंडरच्या खाली मेन स्विच आहे. तो बंद करा. मामा काही बोलणार नाहीत. मग डब्यावर बसा, आणि त्यांचं वाचून झालं की तेवढं "मग?" म्हणा.