अख्ख्या रांगेचं प्लास्टिक

तिला सगळे भिंग म्हणायचे. गाडी धुवायला घेतली की दाराच्या बिजागरीत अडकलेला वाळूचा कण हिला दिसणार, सीटच्या शिवणीत घुसलेला बिस्किटाचा चुरा दिसणार, आणि एकदा दिसला की तो काढल्याशिवाय गाडी काही हातावेगळी होणार नाही. मालक बिचारा बाहेर बाकावर बसून जांभया द्यायचा. "ताई, झालं का हो?" असं कुणी विचारलंच, तर ही आतूनच म्हणायची, "घाई असेल तर न्या की! फक्त इथं धुतली म्हणून कुणाला सांगू नका." तोंडाची अशी फटकळ, पण हात असा की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जात नसे.

जात नसे म्हणजे, पेट्रोल पंपाशेजारी ते मशीन येईपर्यंत. या तोंडाने गाडी आत घाला, त्या तोंडाने ओली होऊन बाहेर. स्वच्छ होते का म्हणाल, तर नाव नको! कोपऱ्यातली घाण कोपऱ्यात सुखाने नांदत असते. पण लोकांना हल्ली स्वच्छ गाडी नको असते, धुतलेली गाडी हवी असते. बघता बघता शेडसमोरची रांग आटली आणि बाकावर मांजर झोपायला लागलं.

शेड पत्र्याची. भिंगच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून उभी केलेली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा यायचा. त्यामुळे शेड खरी या वहिनी-दिरांचीच. पाणी, पंप आणि फेस दिराकडे. पुसणं आणि आतलं सगळं भिंगकडे. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून फडक्यांच्या घड्या घालायच्या आणि घडीमागे एक टोमणा फुकट द्यायच्या.

दीर म्हणजे घाईचा पुतळा. जेवतानाही उठायच्या तयारीत. भिंग लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. तिच्या हातचे धपाटे आणि लाड दोन्ही खाऊन वाढलेला. तो एके दिवशी चाकांची मोठी बॅग घेऊन घरी आला. नवी कोरी, वरून प्लास्टिकने गुंडाळलेली. दाराशी ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "गोदामावर काम मिळतंय. दुसऱ्या गावाला. पुढच्या महिन्यात या म्हणालेत."

 सासूबाई उठल्या, बॅगेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "प्लास्टिकला कुणी हात लावायचा नाही. ते फाटलं की हा गेला."

"आई, बॅगेचं प्लास्टिक काय मला अडवणार आहे?"

"मग कोण अडवणार? माझं ऐकतोस का तू?"

 पंप काय, भिंगलाही चालवता आला असता. प्रश्न पंपाचा नव्हताच. हा पोरगा गेला की शेडला कुलूप लागणार आणि घरात दोन बायका एकमेकींची तोंडं बघत बसणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. कण दिसणाऱ्या बाईला हे दिसणार नाही होय?

पण गडी मनातून जायला तयार नव्हता. त्याने शेवटचा डाव टाकला. चौकापलीकडे गाड्यांचं मोठं शोरूम होतं. मागे मोकळं यार्ड, त्यात रांगांवर रांगा. रोज धूळ, रोज धुणं. तिथल्या मॅनेजरशी बोलून तो धावतच शेडमध्ये आला. "वहिनी, सगळ्या गाड्यांचं काम द्यायला तयार आहेत! बारा महिने! एक दिवस करून दाखवा म्हणालेत, आवडलं तर पक्कं."

"आणि दर?"

दर सांगताना त्याचा आवाज खाली गेला. शेडमध्ये एका गाडीला जे मिळायचं, त्याच्या पाव हिश्शाहूनही थोडा कमी.

"एवढ्या पैशात मी आरसासुद्धा पुसत नाही," भिंग म्हणाली.

"पण गाड्या किती आहेत बघा ना!"

"जास्त गाड्या म्हणजे जास्त तोटा. साधा हिशोब आहे, भावजी. काम वाढेल, शेड बुडेल, आणि नाव खराब होईल ते वेगळं."

"नाव चाटायचंय का?" दीर चिडला. "बाकावर मांजर झोपतंय, वहिनी! उठवायलासुद्धा कुणी येत नाही त्याला!"

सासूबाई घडी घालता घालता म्हणाल्या, "एक म्हणते सोन्याचा मुलामा देईन, दुसरा म्हणतो थुंकी लावून पुसेन. अरे, एक दिवस जाऊन तर या. घोडामैदान जवळच आहे."

भिंगने दिराकडे पाहिलं. मग दाराशी उभी असलेली ती बॅग तिला आठवली. "बरं, एक दिवस," ती म्हणाली.

गेले तिघं. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण "फडकी कोण देणार?" म्हणून त्या आधीच तयार होऊन बसल्या होत्या. यार्ड उन्हाने तापलेलं. मॅनेजर सडपातळ, गळ्यात ओळखपत्र, कानाला फोन. बोटाने सगळीकडे एक गोल काढून "या सगळ्या" म्हणाला आणि निघून गेला.

दिराने पंप लावला आणि सुटलाच. इकडून फेस, तिकडून पाणी, गडी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. भिंगने पुढची रांग घेतली. बाहेरून पुसून झालं, तिने दार उघडलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. सीटवर प्लास्टिक! त्यावर बुटांचे ठसे, बसून बसून पडलेल्या चुण्या, कडेला चिकटपट्टीचा काळा गोंद.

आता हिची बाजूही ऐका. शेडमध्ये यायच्या त्या सगळ्या वापरलेल्या गाड्या. काही हौशी मालक सीटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं जपायचे. खाली ओल, बुरशी, आणि वास असा की नाक धरून पळावं. त्यामुळे भिंगचा नियम ठरलेला: प्लास्टिक दिसलं की काढायचं, मालक कितीही कुरकुरला तरी. तिने नियम पाळला. एका गाडीचं काढलं, दुसरीचं काढलं, गोंद खरवडला, शिवणी झाडल्या. अख्ख्या रांगेचं प्लास्टिक काढलं आणि नीट घड्या घालून सासूबाईंच्या पायाशी ठेवलं.

मॅनेजर परत आला तो त्या ढिगासमोरच थबकला. कानावरचा फोन खाली आला.

"बाई... हे काय केलंत?"

"स्वच्छ केलं," भिंग म्हणाली. चांगली अभिमानाने म्हणाली.

"अहो, ते प्लास्टिक गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं फाडतं! त्याचे फोटो काढतात! मी फाडणार, मी फाडणार म्हणून पोरं भांडतात! आता या गाड्या नव्या म्हणून कशा दाखवू मी?" त्याचा आवाज चिरकला. "मला नुसती धूळ झटकून हवी होती हो. धूळ!"

भिंगचे कान तापले. आपण चुकलो हे तिला तिथल्या तिथे कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "चूक माझी," ती म्हणाली. "यांचा काही संबंध नाही. यांनी नुसतं पाणी मारलंय."

"कुणाची का असेना. पाईप गुंडाळा आणि निघा."

दिराने पंप बंद केला. ओरडला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याहून बरं.  तो खाली मान घालून पाईप गुंडाळायला लागला आणि भिंगच्या डोळ्यांसमोर ती दाराशी ठेवलेली बॅग आली. आता हा जाणार, आणि माझ्या हातानं जाणार, असं तिला वाटलं.

पण रडत बसली तर ती भिंग कसली! तिने फडकं पिळलं. "साहेब, रांगेतल्या तीन गाड्या पुसायच्या राहिल्यात. पुऱ्या करते आणि जाते. पैसे नकोत."

"कशाला उगाच?"

"अर्धवट टाकून मी आजवर कुठून उठलेली नाही."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोन वाजला आणि तो बोलत बोलत आत गेला.

भिंग रागारागाने पुसत होती. राग मॅनेजरवर नव्हता, स्वतःवर होता. सासूबाईंचे गुडघे उन्हात उभं राहून बोलायला लागले होते. त्यांनी पुसून झालेल्या एका गाडीचं दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसल्या. पाय लांब केले, मान मागे टेकवली, डोळे मिटले. शोरूम आपल्या बापाचं असल्यासारखा थाट.

तेवढ्यात एक कुटुंब रांगेजवळ आलं. नवरा-बायको, आणि काठी टेकत त्यांचे म्हातारे वडील. आजोबा सकाळपासून आतल्या सगळ्या गाड्यांमध्ये बसून उठले होते आणि प्रत्येकीला नावं ठेवून झाली होती. "करकरते. घाम येतो. सरकायला होतं." मुलगा रडकुंडीला आलेला. त्या आजोबांची नजर सासूबाईंवर पडली.

"काय हो, कशी आहे गाडी?"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "मला काय विचारता? बसून बघा. मी काय भाड्यानं घेतलीय?" आणि पलीकडे सरकल्या.

आजोबा बसले. हात टेकवला तर हाताला कापड लागलं. पाठ टेकवली तर पाठ टेकली, निसटली नाही. करकर नाही, वास नाही. त्यांनी काठी पायाशी आडवी ठेवली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"बाबा, उतरा, पुढची बघू," सून म्हणाली.

"तुम्ही बघा. मी इथंच बसतो. कागद इकडे आणा म्हणावं सहीला."

मॅनेजर धावत बाहेर आला. "आजोबा, याच रंगाची दुसरी देतो ना! आतून पॅक, प्लास्टिक लावलेली!"

"नको. सीट कशी आहे ते प्लास्टिकवरून कळतं का?" आजोबा म्हणाले. "हीच पाहिजे. या बाई बसल्यात तीच."

"बाई गाडीबरोबर मिळत नाही हं," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले. मॅनेजरसुद्धा हसला.

हसता हसता त्याची नजर रांगेवर गेली. आणखी दोन बिऱ्हाडं येऊन त्याच रांगेतली दारं उघडून बसली होती, पोरं सीटवर हात फिरवत होती, आणि मागच्या रांगांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तो स्वतः एका गाडीत बसला. मग बाहेर आला आणि घसा खाकरला. "बाई, तुम्ही उद्यापासून या. दर ठरलाय तोच."

दिराच्या हातातला पाईप गळून पडला.

"त्या दरात नाही," भिंग म्हणाली.

"वहिनी!" दीर जवळजवळ किंचाळला.

"थांबा, भावजी. तुमचं अर्धं खरं होतं आणि माझं अर्धं." ती मॅनेजरकडे वळली. "मागच्या गाड्यांवर नुसती धूळ आहे. त्यांना मी आजाऱ्यासारखं तपासत बसले तर माझं दिवाळं निघेल. ते काम भावजींचं. पाणी मारतील, फेस लावतील, झर्रकन मोकळे होतील. त्यांना तुमचा दर चालेल, उलट दोन पैसे सुटतील. पण ही पुढची रांग, जिच्यात माणसं बसतात, ती माझी. तिचा दर माझ्या शेडचा. एक पैसा कमी नाही."

मॅनेजर घुटमळला. "थोडं कमी करा की, काम मोठं आहे..."

"साहेब," गाडीतून सासूबाईंचा आवाज आला, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? हवंय ना? मग हो म्हणा, मला उन्हात घाम येतोय!"

"बरं, हो!" मॅनेजरने हात जोडले. "पण मागच्या प्लास्टिकला हात लावायचा नाही हं."

"माझे हात बांधून ठेवा," भिंग म्हणाली. तिने दिराकडे पाहिलं. तो खाली पडलेला पाईप उचलत होता आणि हसू लपवण्यासाठी मुद्दाम खाली बघत होता. ते हसू मात्र तिला बरोबर दिसलं.

घरी आल्यावर तिघंही दमून जिथल्या तिथे बसले. सगळ्यांत आधी सासूबाई उठल्या. आत जाऊन कात्री घेऊन आल्या आणि थेट दाराशी गेल्या.

"आई, काय करताय?" भिंगने विचारलं.

 कात्री चालली. बॅगेवरचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत टर्रकन फाटलं. सासूबाईंनी बॅग उघडून जमिनीवर आडवी केली आणि दिराकडे बघून म्हणाल्या, "बसलास काय नुसता? आण ती फडकी इकडे. एवढ्या गाड्यांची फडकी रोज काय पिशवीतून नेणार आहात?"

दीर उठला. फडक्यांचा गठ्ठा आणून त्याने बॅगेत टाकला. भिंगने तो लगेच बाहेर काढला.

"अशी कोंबायची नाहीत, भावजी," ती म्हणाली. "घडी घालून ठेवा."

आणि आयुष्यात पहिल्यांदा, अजिबात घाई न करता, तो घड्या घालत बसला.