सासूबाईंची किडनी

आमच्या मुलीला काय झालंय हे कळलं तेव्हा ती पाचवीत होती. त्याआधी काही महिने सकाळी उठल्यावर तिचा चेहरा भरलेला दिसायचा आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी अंग धरायला लागली. मलाही बरं वाटायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं. मग ती शाळेत ओकली, घरी आणली तर पाय बोटानं दाबले की खड्डा राहत होता. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं की तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. पोटात नळी घालून रक्त साफ करता येईल, पण ते किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. मुंबईला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवतात. जवळच्या नात्यातलं हवं. उशीर करू नका.

मी तिथंच म्हटलं, माझं घ्या.

माझा रक्तगट जुळला नाही. प्रयोगशाळेत काहीतरी घोटाळा झाला असेल म्हणून मी दुसऱ्या ठिकाणी जाऊन परत रक्त दिलं. तिथंही तेच निघालं. नवऱ्याचा गट जुळला आणि तो लगेच तयार झाला. तो चिंचवडच्या एका कारखान्यात घणाच्या खात्यात होता. एक किडनी काढल्यावर ते काम जमणार नव्हतं, 'लाइट जॉब' मागावा लागला असता, आणि लाइट जॉबवाला माणूस कपातीच्या वेळी पहिला डोळ्यात येतो हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तो तयार होता.

ही बातमी चाकणजवळच्या आमच्या गावी गेली आणि तिथून सासूबाई आणि चुलत सासरे पहिल्या एसटीनं आले. चुलत सासरे बसल्या बसल्या म्हणाले, "कमावता गडी कापायचा? आन् तेबी पोरीच्या जातीसाठी? उद्या ती परक्याच्या घरी जानार, तुमची किडनी घिऊन."

मुलगी आतल्या खोलीत पडली होती. मधे फक्त पडदा होता.

"सूनबाई, तुमच्या माह्यारी कुनाला किडन्या न्हाईत का?"

"माझे आईवडील नाहीत, भाऊ नाही, हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "तुमचा गट कोणता, मामंजी? तपासून घ्यायचा का?"

त्यांनी चहा बशीत ओतला आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. जाताना सासूबाईंनी पदर सारखा केला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुला कापू द्यायची न्हाई मी. माझी घ्या म्हनावं. मला म्हातारीला दोन काय करायच्यात?"

त्या नातीसाठी तयार झाल्या की आपला लेक वाचवायला, हे मी विचारलं नाही. मला किडनी हवी होती. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं, पण शेतात राबलेलं अंग, कसला आजार नाही. सगळ्या तपासण्या जुळल्या. मुंबईच्या रुग्णालयात नाव लागलं. तोवर मुलीला जपायचं, एवढंच काम उरलं, आणि सासूबाई त्यासाठी आमच्याकडे राहायला आल्या.

जपायचं म्हणजे तिला पाणी मोजून द्यायचं, मीठ बंद करायचं आणि फळं द्यायची नाहीत. मुलगी दिवसभर पाणी मागायची. मी नळ कापडानं बांधून ठेवला होता, कारण ती त्याला तोंड लावते हे मी पाहिलं होतं. ती रडायची, मी माझं काम करत राहायचे. सासूबाईंना हे बघवायचं नाही. "दुष्काळातबी ढोराला कुनी आसं ठिवत न्हाई," त्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या.

आणि त्यात शहाळी. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि न्यायचं तर शहाळं न्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज. पहिली पाळी सुटली की नवऱ्याच्या खात्यातले लोक सायकली दाराशी लावायचे आणि प्रत्येकाच्या पिशवीत शहाळं. "वहिनी, थंड असतं, लघवी साफ होती." डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की शहाळं अजिबात नाही, त्यातल्या क्षारानं तिचं हृदय बंद पडेल. मी प्रत्येकाला ते सांगायचे. ते मान डोलवायचे आणि शहाळं कोपऱ्यात ठेवून जायचे, परत नेणं बरं दिसत नाही म्हणून. मी ती शेजारपाजारी वाटून टाकायचे. एक दिवस ती वाटायची राहिली आणि मी रॉकेलच्या रांगेला गेले.

परत आले तर मुलगी हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ ओले दिसले. "आई, आजीनं मला पोटभर दिलं," ती म्हणाली. आजीच्या मांडीशी कोयता आणि फोडलेली शहाळी होती. खोबरंसुद्धा खरवडून दिलं होतं.

"पानी न्हाई दिलं मी," सासूबाई म्हणाल्या. "पान्याचा थेंब न्हाई. शहाळं दिलं."

मी डबा खाली ठेवला आणि शेजारच्यांच्या टेम्पोचं बघायला धावले. टेम्पोवाला जेवत होता, त्याला तसाच उठवला. पिंपरी ओलांडेपर्यंत मुलगी म्हणायला लागली की पाय जड झाले, उचलत नाहीत. दापोडीच्या पुलावर तिचा हात माझ्या हातात होता आणि नाडी अशी लागत होती की एक ठोका झाला की पुढचा होईल की नाही याची वाट बघायची. सासूबाई समोर बसून तिचे तळपाय चोळत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय बोलले असते, मला माहीत नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, आज काय खाल्लं हिनं? मी सांगितलं. ते तरुण होते, दमलेले होते. ते ओरडलेच. "शहाळं? अहो, विष दिलंत तुम्ही तिला, विष."

सासूबाई माझ्या मागंच उभ्या होत्या.

इंजेक्शनं झाली, पोटात नळी घातली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडून आम्हाला ओळखलं. मी घरी कपडे आणायला आले तर सासूबाईंची पिशवी जागेवर नव्हती. त्या गावी निघून गेल्या होत्या. शेजारणीजवळ निरोप ठेवला होता: माझी किडनी घेऊ नका.

मग नवरा मुंबईला तपासणीला गेला. पाळ्या करून करून त्याचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी त्यालाच औषधं लिहून दिली आणि दाता म्हणून नाव काढून टाकलं. त्याला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. मी त्याला जेवायला वाढलं आणि गावी जायला निघाले.

सासूबाई ओट्यावर कांदा निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ बसले आणि निवडायला लागले.

"हाय का ती?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. मी न्हाई येनार."

"भीती वाटते का, आत्या? कापण्याची?"

"भ्या कशाचं? चार बाळातपनं झाली माझी ह्या घरात, जगला एकच." त्यांनी एक सडका कांदा लांब फेकला. "माझ्या हातनं इष गेलं लेकराच्या पोटात. डाक्तर म्हनला. ज्याच्या हातात इष, त्याच्या आंगातबी आसंलच की. ती किडनी तिच्यात घालायची? एकदा वाचली. दुसऱ्यांदा न्हाई वाचायची."

मी त्यांना क्षार, रक्त, हृदय सगळं समजावून सांगितलं. शहाळं तुम्हाला-मला चालतं, तिला चालत नाही, एवढाच त्यातला फरक, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. इतक्यात चुलत सासरे आले. "तिला नगं म्हनायचंय तर जबरदस्ती कशापायी?" असं म्हणून गोठ्याकडे गेले. मला वाटलं, पाया पडावं. पण पाया पडून आणलेलं माणूस मुंबईच्या दारातून परत फिरलं तर काय करायचं? तेवढा वेळ मुलीकडे नव्हता.

"आत्या," मी म्हटलं, "तुमच्या अंगात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. डॉक्टरांना दिसतं. त्यांना विचारू. ते म्हणाले वाईट आहे, तर मी स्वतः तुम्हाला परत आणून सोडीन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

त्यांनी हात झटकले. मग दारात उभ्या माझ्या चुलत जावेकडे बघून म्हणाल्या, "म्हशीला येळंवर पानी दाव."

मुलीला तोवर मुंबईच्या रुग्णालयात हलवलं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांची पद्धत अशी की दात्याला एकट्याला आत घ्यायचं. घरच्यांनी दडपण आणलं का, हे त्यांना विचारायचं असतं. मला बाहेर बाकावर बसवलं. दार बंद झालं. माझ्या शेजारी एक गुजराती बाई जपमाळ ओढत होती, तिचा मुलगा आत वॉर्डात होता. मी काही जपत नव्हते. त्या आत नाही म्हणाल्या तर पुढं कोणाकडे जायचं याचा विचार करत होते आणि एकही नाव सुचत नव्हतं. मग दोन चुलत नणंदा सुचल्या, त्यांची लहान मुलं आठवली, आणि तरी त्यांच्या गावची एसटी किती वाजता सुटते हे मी आठवायला लागले.

दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. अंगठ्याला शाई होती.

"काय विचारलं?"

"सुनंनं दमदाटी केली का म्हनून इचारलं."

"मग?"

"म्हटलं, केली. पन देती ती माझ्या मनानं." त्या अंगठा पदराला पुसायला लागल्या. "मंग मी इचारलं त्येला, माझ्यात काय वंगाळ आसंल तर ते तिच्यात जाईल का. तर न्हाई म्हनला. म्हटलं, तरी पन काढल्याव आधी धुऊन घ्या, मंगच घाला."

"काय म्हणाले?"

"हासला. म्हनला, आजी, धुतोच आमी. थंड पान्यानं, रगत न्हाई ऱ्हात तवर." त्यांनी अंगठा परत एकदा पुसला. "तू इचार बरं त्येला परत. मला बरं वाटावं म्हनून म्हनला आसंल."

मी आत जाऊन विचारलं. ते खरोखरच धुतात. मी बाहेर येऊन तसं सांगितलं, तेव्हा त्या उठल्या आणि मुलीच्या वॉर्डाकडे चालायला लागल्या. शहाळ्याच्या दिवसापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता.