सांजेचं दूध दोनदा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीला शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते.

पारनेरकडच्या आमच्या गावात दूध संकलन आमच्याच ओट्यावर व्हायचं. मालक, म्हणजे आमचे हे, माप घ्यायचे, मी लिहायचे. नव्वदीच्या शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप आणून दिला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मशीन चालवायला तिने त्यात लिनक्स घातलं होतं. कुणाचं किती दूध ते मी टाकायचे. शेवटी पाच इंग्रजी अक्षरं मारली की ते ज्याच्या त्याच्या खात्यावर चढायचं. अक्षरं मी चित्रासारखी पाठ केली होती.

दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आता ते मारायचं नाही. वेळ झाली की मशीन आपलं आपण चढवील. मागच्या मागं."

"मला दिसंल का?"

"नाही. तू खुशाल भाकरी थाप."

दूध चुलीवर ठेवून पाठ फिरवायची नाही, हे मला आईने शिकवलेलं. न दिसणाऱ्या कामाचा भरवसा कसा धरायचा? सकाळी टेम्पोची घाई, तेव्हा मशीनवर सोडून द्यायचे. पण संध्याकाळी जेवणं उरकली की हळूच झाकण उघडून ती पाच अक्षरं मारायचे. मग बरं वाटायचं.

दहा दिवसांनी दुधाचा पगार वाटायला बसलो. मशीनवरून उतरवलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे देता देता डेअरीचे पैसे संपले आणि ओळीत माणसं उभीच. मालकांनी छपराच्या पत्र्यांसाठी साठवलेले पैसे आतून आणून दिले.

एसटीडी बूथवरून भाचीला फोन लावला.

"मावशी, तू अजून ती अक्षरं मारतेस? मग संध्याकाळचं दूध दोनदा चढलं असणार." तीच पुढं म्हणाली, "चूक माझी गं. दुसऱ्यांदा मारलं तर मशीनने नको म्हणायला हवं होतं."

रविवारी येऊन तिने तशी सोय केली. शिवाय एक छोटा शब्द शिकवला. तो मारला की मागं कोण कोण काम करतंय ते दिसतं. मला तेवढंच हवं होतं.

पण जादा गेलेले पैसे? चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मालक म्हणाले, "मशीन तुझ्या माहेरचं. तूच सांग."

सकाळी कॅनकडे बघत सांगितलं, की जादाचे पुढच्या पगारातून कापावे लागतील.

"तरीच माझी म्हस वाळली! दोनदा पिळली व्हय गं वैनी?" एक जण म्हणाला. सगळे हसले, आणि कापायला तयार झाले.

राहिली समोरची आत्या. एकटी बाई, तिची एकच म्हैस, ती नेमकी आटली. पगारच नाही तर कापणार कशातून?

"राहू द्या आत्या," मी म्हटलं.

"का? म्या भीक मागितली व्हय?"

पत्रे आले, पण आत्याकडच्या पैशांवाचून एक कमी पडला. तिथं ताडपत्री बांधली. आत्या येता-जाता त्या ताडपत्रीकडे बघायची.

उन्हाळ्यात तिची म्हैस व्याली. आधी आमच्याकडे खरवसाला तांब्याभर चीक आला. पुढं पगाराच्या दिवशी तिने काही कापू दिलं नाही. सगळे पैसे हातात घेतले, ओट्यावर बसून जादाचे सावकाश वेगळे केले आणि माझ्या हातावर ठेवले.

"मोज."

मोजले. पुरे होते.