कमळआत्याचं खरं गिऱ्हाईक

माझी कमळआत्या वेसाव्याच्या बाजारात पापलेट विकते, असं लोकांना वाटतं. ती भांडण विकते. पापलेट त्याच्यासोबत येतं.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या सात बंगला भागातल्या वसुधाबाई. बँकेतून निवृत्त, चष्मा साखळीला. दर रविवारी यायच्या, मासा दोन बोटांनी उचलायच्या आणि खोटी सही पकडल्यासारख्या म्हणायच्या, "कमळ, हे कालचं आहे."

"कालचं? तुजा चष्मा कालचा हाय गो बाय!"

"तोंड आवर. निम्म्यात देतेस?"

"निम्म्यात शेपटी येल. नेतंस?"

हे बराच वेळ चालायचं. बाजूच्या बायका स्वतःची गिऱ्हाइकं सोडून ऐकायच्या. शेवटी वसुधाबाई पापलेट घेऊन, वर मूठभर कोलंबी ओढून निघायच्या. आत्या पाठीमागून शिव्या घालायची आणि दिवसभर खूश असायची.

मग वसुधाबाईंच्या मुलाने त्यांच्या फोनवर मासे मागवायचं अ‍ॅप टाकलं. साफ केलेले मासे, डब्यात, थेट दारात. बाई यायच्या बंद झाल्या. आत्या दर रविवारी सगळ्यात मोठं पापलेट बर्फाखाली लपवायची आणि बाजार उठला की घरी आणायची. आम्ही खायचो.

त्याच सुमारास माझ्या निमेशदादाने परदेशी पाहुण्यांना कोळीवाडा दाखवायची टूर काढली. पाहुण्यांनी मासा घ्यायचा, माझ्या काकीने तो तिथेच तळून द्यायचा. दादा हल्ली सगळं नाकातून बोलतो. "आत्या, प्लीज, गेस्टवर ओरडायचं नाही हां. स्टार कमी झाले ना, तर अख्ख्या बाजाराची वाट लागेल, यार."

पहिल्याच दिवशी नेदरलँड्सची एक उंच बाई आली. आत्याने सवयीने दुप्पट भाव सांगितला. बाईने हसून नोटा पुढे केल्या. लग्नाला येऊन, न जेवता, पाकीट देऊन निघालेल्या पाहुण्याकडे बघावं तशी आत्या तिच्याकडे बघत राहिली.

"निमेश, हिला सांग, महाग हाय बोल."

"आत्या, तिला परवडतंय."

"मना नाय परवडत! सांग, मासा शिला हाय बोल."

दादाने सांगितलं. बाई घाबरली. तिने विचारलं, मासा खरंच शिळा आहे का?

"शिला?" आत्या उसळली. "माज्या टोपलीत शिला? डोले हायेत का बटणा?"

दादाने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला. पाच स्टार. 'तिने माझा अपमान केला. अविस्मरणीय.'

तेव्हापासून टूरचं नावच 'कोळणीशी भांडा' आहे. पाहुणे घोकून येतात. "हे शिलं आए," जर्मन माणूस स्टेशनवर घोषणा केल्यासारखा म्हणतो, तर ऑस्ट्रेलियन माणूस बाळाला झोपवल्यासारखा. आत्याने डोळे वटारले की फोटो काढतात, आणि सांगितला तोच भाव देतात. मी दोघांची हुबेहूब नक्कल करते. सगळा बाजार हसतो, आत्या सोडून.

"भांडतान कसले," ती म्हणते. "पाया परल्यासारखे बोलतान."

धंदा झकास चालला. बर्फाखालचं पापलेट मात्र दर रविवारी घरीच येत राहिलं.

मागच्या रविवारी एक फ्रेंच पाहुणा मासा हातात घेऊन वाक्य आठवत होता. तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला, "कमळ, हे कालचं आहे."

आत्याने मान वर केली नाही. "आलीस? तुजा फोन मेला का?"

"फोन चांगला आहे. मासेही ताजे असतात. तुझ्यापेक्षा स्वस्त."

"मंग हितं कशाला तरफडलीस?"

"तिथे भाव छापलेला असतो," वसुधाबाई म्हणाल्या.

आत्याने बर्फात कोपरापर्यंत हात घातला आणि मोठं पापलेट काढून समोर आपटलं. वसुधाबाईंनी ते दोन बोटांनी उचललं.

"आत्या," दादा कुजबुजला, "गेस्ट थांबलेत ना."

"थांबू दे. गिऱ्हाईक आलाय."

मग जे सुरू झालं त्याचं दादाने आधी भाषांतर केलं, मग थोडं थोडं गाळलं, मग सोडूनच दिलं. शेवटी वसुधाबाईंनी मूठभर कोलंबी ओढली, आत्याने शिव्या सुरू केल्या, आणि पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

दोघी एकदम वळल्या.

"काय तमाशा चाललाय इथे?" वसुधाबाई म्हणाल्या.

"तेच बोलतंय मी," आत्या म्हणाली.