उभ्या पट्ट्यांची खिडकी

मामाजी जेवायला बसले की त्यांचं अर्धं लक्ष ताटात आणि अर्धं खिडकीवर असे. घास तोंडाशी नेता नेता हात थांबे, मान तिरपी होई आणि ते म्हणत, "तिसरी पट्टी लटकली." मग अर्ध्या ताटावरून उठायचं, चूळ भरायची आणि स्टूल ओढत खिडकीशी न्यायचं. मी वाढलेला भात तसाच निवत पडे. पुन्हा गरम करून वाढला तरी दुसऱ्यांदा उठणार नाहीत याची खात्री नसे. सासऱ्यांवर चिडता येत नाही म्हणून मी भांड्यांवर चिडत असे.

माझं माहेर भंडाऱ्याचं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन मी सौंदडला आले. घर स्टेशनच्या रस्त्यावर होतं. बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी होती. मामाजींनी घर बांधताना ती हौसेनं ठेवली होती, आणि पुढं तीच सगळ्यांच्या जिवाला लागली. कारण सासूबाईंच्या, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणे त्यांच्या, दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. उजेड लागला की डोळ्यांतून पाणी येई, कपाळ ठणके. पण अंधाऱ्या खोलीत बसवलं की त्यांचा जीव घाबरा होई. सारा जन्म धानाच्या बांधीत, भातखाचरात, उघड्यावर राबलेली बाई. तिला रस्त्यावरून कोण चाललं आहे ते दिसायला हवं होतं.

दुसरं कोणी असतं तर बांबूच्या काड्यांचा चिक टांगून मोकळं झालं असतं. मामाजींनी स्वतःच्या डोक्यातून एक पडदा काढला. जाड मांजरपाटाच्या वीतभर रुंद, खिडकीएवढ्या उंच पट्ट्या फाडल्या, तांदळाच्या पेजेत बुडवून कडक केल्या आणि तारेच्या आकड्यांनी वरच्या बांबूला एकीशेजारी एक अशा उभ्या टांगल्या. खालच्या दुमडीत वजनासाठी वायसर, भोकाच्या लोखंडी चकत्या, शिवले आणि सगळ्या पट्ट्या तळाशी एका दोरीनं जोडल्या. दोरी हळू सरकवली की पट्ट्या एकदम वळत. डावीकडून येणारं ऊन अडे आणि उजवीकडचा स्टेशनचा रस्ता फटींतून दिसत राही.

कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण ती सलग दोन दिवस कधी चालली नाही. आकडे गंजत. दोरी सैल पडे. पावसाळ्यात हवेच्या ओलीनं पेज मऊ होई, पट्ट्या एकमेकींना चिकटत आणि खोलीभर आंबूस वास सुटे. उंदरांना तर ती पेज म्हणजे मेजवानीच. धानाच्या कोठीत पोटभर खायला असूनही ते येऊन पट्ट्यांच्या कडा कुरतडत, वायसर गळून पडत, आणि वजन गेलेली पट्टी वाऱ्यावर फडफडत बसे.

मी त्या दोरीला पहिल्यांदा हात लावला तो लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. मागून आवाज आला, "ओढू नोको, बहू. फिरव."

"फिरवतेच आहे, मामाजी."

"ओढून राहिली तू."

त्यांनी दोरी माझ्या हातातून घेतली, सरकवली, आणि चार पट्ट्या आकड्यासकट खाली आल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या मीच पाडल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आज एवढी एकच." सकाळी न्याहारीनंतर ते म्हणत, आणि ऐन दुपारी अठरा-वीस पट्ट्या अंगणात पडलेल्या असत. एक काढली की तिच्या शेजारची मळकी दिसे, ती काढली की पुढची आखूड वाटे. मग मी धुवायच्या, पेज शिजवायची, पट्ट्या बुडवून सावलीत चटईवर सरळ पसरायच्या, आणि वाळल्या की लोट्यात निखारे घालून दाबायच्या. उन्हात वाळवल्या की वाकतात, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की ऊन दिसलं तरी मला राग येई. एका वर्षी रोवणीच्या ऐन दिवसांत, बाया बांधीत वाकलेल्या आणि उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, सुकत चाललेले, तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहायचा माणूस घरी स्टुलावर उभा होता. मजूर बोलवायला आला. मामाजी वरूनच म्हणाले, "येतो ना. आज एवढी एकच आहे." शेवटी पावसासाठी डोक्यावर मोरा, पानांचं इरलं, घेऊन मीच शेतावर गेले.

माझे यजमान गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला होते आणि रविवारी छोट्या रुळांच्या गाडीनं घरी येत. माझी रडकथा ऐकून त्यांनी एकदा गोंदियाच्या बाजारातून नवाकोरा चिक आणला. खांद्यावर टाकून स्टेशनपासून चालत आले. मामाजींनी तो उलगडला, काड्यांवरून हात फिरवला, गाठी तपासल्या.

"चांगला आहे," ते म्हणाले. "बैलाईले माशा लय लागून राहिल्या."

आणि तो चिक गोठ्याच्या दाराला गेला.

"बाबा, मी आईसाठी आणला होता," हे म्हणाले.

"आईले अंधार पायजे का? इचार तिले."

आत्याबाई तांदूळ चाचपून खडे काढत बसल्या होत्या. त्या खडे काढतच राहिल्या. पुढचे दोन रविवार हे घरी आले नाहीत. मिलमध्ये काम जास्त आहे, असा निरोप आला.

मग मी ठरवलं की हा पडदा निदान धड तरी करायचा. मामाजी शेतावर गेले असताना मी सगळ्या पट्ट्यांच्या खालच्या कडा दुहेरी दुमडून जाड दोऱ्यानं शिवल्या, वायसर आत पक्के केले. दोन दिवस पाठ मोडून आली. मामाजींनी पट्ट्या टांगल्या, दोरी सरकवली, खालवर पाहिलं. "जड झाली. फिरत नाही," म्हणाले, आणि माझ्यासमोर बसून पात्यानं एकेक टाका उसवायला लागले. मी चुलीपुढं जाऊन बसले. धूर नव्हता, तरी डोळे पुसत होते.

आत्याबाई भिंतीला हात लावत लावत आत आल्या आणि माझ्याजवळ बसल्या.

"राग आला का वो?"

"येणार नाही का, आत्याबाई? त्यांना कोणाचंच पटत नाही. स्वतःचंही धड होत नाही."

"नाही होत," त्या म्हणाल्या. "त्यायच्या हातात कसब नाही. बैल चांगला हाकलतेत, पण बारीक काम नाही जमत. नागपूरच्या डॉक्टरनं त्यायले सांगतलं, उजेडापासून जपा, उरली तेवढी नजर राहील. तवापासून असं आहे. मी बी लय सांगून पाहयलं, बाई."

मला त्यामुळं राग कमी झाला, असं म्हणणार नाही. फक्त तो कुठं ठेवावा ते कळेनासं झालं.

रोज दिवस कलला की मामाजी दोरी सरकवत, मागं होत आणि विचारत, "दिसते का?"

"दिसते."

"कोण चाललं?"

"पाटलाचा गाडा आहे."

मामाजी स्वतः वाकून खात्री करून घेत. गाडा पाटलाचाच असे. मग त्यांचा चेहरा सैल होई आणि ते चहा मागत.

पुढं एका उन्हाळ्यात माझ्या ध्यानात आलं. भर दुपारी पट्ट्या पूर्ण मिटलेल्या होत्या, बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, आणि आत्याबाई म्हणाल्या, "मास्तर गाडीले चालला वाटते." रस्त्यावर खरोखरच गावचे मास्तर होते, त्यांच्या वहाणेचा आवाज ओळखू येण्यासारखा होता. मी पाण्याचा गडू घेऊन न बोलता त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांची नजर माझ्या अंगावरून तशीच पलीकडे गेली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे, आत्याबाई."

मला उमगलं आहे हे त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "आज सांगतो त्यायले."

मामाजी दिवस कलताना स्टुलावर चढले. तुटलेल्या दोरीचं टोक दातांत धरून वरचा आकडा वाकवत होते. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "तुमी खाली उतरा. मले दिसत नाही आता. दिवाळीपासून नाही दिसत."

मी दारात उभी होते. मामाजींचे हात वरच राहिले. मला वाटलं, आता हे सगळं ओढून फेकून देतील, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात तसंच व्हावं असं होतं. त्यांनी आकडा वाकवून पुरा केला, पट्टी अडकवली. मग दातांतली दोरी न सोडताच विचारलं, "उजेड टोचते का पण?"

आत्याबाई आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "टोचते."

"मग," मामाजी म्हणाले, आणि त्यांनी पुढची पट्टी हातात घेतली.

त्यानंतर 'दिसते का' हा प्रश्न बंद झाला. बाकी सगळं होतं तसंच राहिलं, उलट वाढलं. आता ते उन्हाची एक रेघही आत येऊ देत नसत. आत्याबाईंच्या गालावर कवडसा पडला की शेतातून आल्या पावली, चिखलाच्या पायांनी स्टुलावर चढत. मी दर महिन्याला पेज शिजवत होते, दर महिन्याला ती एक तर पातळ होत होती नाही तर घट्ट. वर्षं अशी गेली. माझे यजमान वडिलांशी पुन्हा बोलायला लागले, पण खिडकीचा विषय काढला नाही.

एका वर्षी धानकापणीच्या सुमारास मामाजींना ताप भरला. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी औषध दिलं, सुया टोचल्या, पण ताप उतरेना. अंथरुणावरून त्यांना खिडकी दिसत होती. शेवटच्या दिवसांत बोलणं फार कमी झालं होतं. एका सकाळी मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"पेज पातळ नोको करू," ते म्हणाले.

"नाही करणार, मामाजी."

"तुले काही जमत नाही, बहू." थोडा श्वास घेतला. "पण करजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. पट्ट्यांवर पावसाळ्यातल्या बुरशीचे डाग तसेच होते. मी मोठ्या गंजात तांदळाची पेज चढवली. वासावरून आत्याबाईंना कळलं.

"कायले शिजवून राहिली?"

"पट्ट्यांना, आत्याबाई. त्यांनी सांगितलंय."

"राहू दे. काढून टाक त्या."

"तुम्हाला उजेड टोचेल."

"नाही टोचत."

मी गंज खाली उतरवला. "कधीपासून?"

"लय दिवस झाले. नजर गेली, तवाच ते बी गेलं."

"मग तेव्हा सांगितलं काऊन नाही?" माझा आवाज चढला होता. सासूशी मी तशी कधी बोलले नव्हते.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "स्टुलावर उभे होते ना. तोंडात दोरी होती, बोलणं तसं येऊन राहिलं होतं. मी म्हटलं असतं, नाही टोचत, तर खाली उतरून गेले कुठं असते?"

मला फार राग आला. इतक्या वर्षांची पेज, निखाऱ्यांनी पोळलेली बोटं, धुऱ्यावर घालवलेल्या दुपारी, सगळं एकदम आठवलं. ज्या माणसावर रागवायला हवं होतं तो नव्हता, आणि जी समोर बसली होती तिच्यावर रागावता येत नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि पट्ट्या काढायला चढले.

त्याही सरळ निघेनात. एक आकडा आत वळलेला, दुसरा बाहेर, तिसऱ्याला तारेचे चार वेढे आणि वर सुतळीची गाठ, गाठीवर पुन्हा गाठ. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. माझी नखं दुखायला लागली. पहिली पट्टी सुटली आणि उन्हाचा एक लांब पट्टा आत्याबाईंच्या तोंडावर पडला. त्या हलल्या नाहीत.

"निघत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही निघत."

"त्यायनं बांधलं ना," आत्याबाई म्हणाल्या.